हौसाचे चुकलेले उत्तर

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. पण त्याच्या जत्रेत हरलेल्या एका बाईचे नाव मात्र लोकांनी लक्षात ठेवले. असे का झाले, ते ऐका. लहानांनी ऐकावे, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावे.

त्या राजाला कोड्यांचे भारी वेड होते. दरवर्षी सुगी आटोपली की राजधानीत जत्रा भरे आणि जत्रेच्या मधोमध, दगडी चौथऱ्यावर, कोड्यांचा खेळ मांडला जाई. कुणीही यावे आणि चौथऱ्यावर बसावे. राजाचा भाट कोडे घाली. समोर पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडलेली असे. वाटी भरून बुडायच्या आत उत्तर द्यायचे. बरोबर आले की बक्षीस मिळे. पुढचे कोडे अधिक अवघड, आणि पुढचे बक्षीस अधिक मोठे.

हवे तेव्हा 'पुरे' म्हणावे आणि मिळाले तेवढे घेऊन घरी जावे, अशी मुभा होती. पण पुढचे कोडे मागितले आणि उत्तर चुकले, तर मिळालेले सगळे परत जाई. हातावर एक नारळ ठेवून त्या माणसाची पाठवणी होई, आणि जत्रा पोट धरून हसे.

जो शेवटचे कोडे सोडवील, त्याने मात्र राजाकडे हवे ते मागावे.

त्या वर्षी डोंगरातल्या बोरखिंड गावाहून हौसा नावाची बाई आपल्या नवऱ्याबरोबर, सुभानबरोबर, जत्रेला आली. हौसाला लहानपणापासून कोडी आवडत. जात्यावर बसली तरी ती सासूला कोडी घाली आणि सासू वैतागून म्हणे, "अगं, दळण घाल, कोडी कसली घालतेस!"

हौसा चौथऱ्यावर चढली. भाटाने विचारले, "जितके काढाल तितका मोठा होतो. तो कोण?"

"खड्डा!" हौसा हसून म्हणाली. "माझा बाप विहिरी खणायचा. त्याच्या लेकीला हे विचारता होय?"

लोक हसले. मग दुसरे कोडे झाले, तिसरे झाले. हौसाला लुगडे मिळाले, धान्याची गाडी मिळाली, आणि शेवटी पांढरीशुभ्र बैलजोडीही मिळाली. आता एकच कोडे उरले होते. खाली गर्दीत उभा असलेला सुभान दोन्ही हातांनी खुणावत होता, 'पुरे म्हण, पुरे म्हण!'

भाट म्हणाला, "बाई, बैलजोडी तुमची झाली. पुरे म्हणता, की शेवटचे कोडे घेता?"

हौसाने बैलांकडे पाहिले. मग सुभानकडे पाहिले. आणि ती म्हणाली, "शेवटचं कोडं घाला."

शेवटच्या कोड्याआधी मागणे बोलून दाखवावे लागे. हौसा हात जोडून उभी राहिली.

"महाराज, आमच्या गावाच्या ओढ्यावर एक पूल हवा. पावसाळ्यात ओढा भरला की आमचं गाव तुटतं. दोन पावसाळ्यांमागं माझी जाऊ बाळंतपणात अडली. सुईण पलीकडच्या काठापर्यंत आली होती. तिथून ती ओरडून सांगत होती, काय करायचं ते. पण पाण्याच्या आवाजात आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. जाऊ गेली. तिचं बाळही गेलं."

भाटाने घंगाळात वाटी सोडली आणि संथ आवाजात कोडे घातले.

"पाण्यात पाय सोडून उभा, पण कधी न्हात नाही. साऱ्यांना पाठीवर घेतो, पण पाऊल टाकत नाही. पोटाखालून पाहुणा जातो, त्याला थांब म्हणत नाही. सांगा, तो कोण?"

हौसाच्या मनात पहिल्याच झटक्याला उत्तर आले, 'पूल!'

ते तिच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. ती स्वतःशी म्हणाली, 'सकाळपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीच. भुकेल्याला चंद्रातही भाकरी दिसते, तसं मला जिथं तिथं पूलच दिसतोय. जे मागायला आले, तेच उत्तर कसं असेल? हे काहीतरी वेगळं असणार.'

वाटी भरत चालली होती. गर्दीतून नाना आवाज येत होते. 'पाण्यात पाय... पाठीवर घेतो...' असे पुटपुटताना हौसाला नदीकाठच्या पायऱ्या आठवल्या. पाहुण्याची ओळ तर ती घाईत विसरूनच गेली. वाटी बुडणार, एवढ्यात ती ओरडली, "घाट! नदीचा घाट!"

भाटाने डोळे मिटून घेतले. तो भला माणूस होता. हौसा जिंकावी, असे त्यालाही वाटत होते.

"नाही, बाई," तो हळूच म्हणाला. "घाटाच्या पोटाखालून कोण जातो? उत्तर आहे पूल."

मागून कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "पूल मागायला आली आणि पूलच ओळखता आला नाही!" आणि हास्याचा लोट उसळला.

राजाचाही चेहरा पडला होता. तो म्हणाला, "बाई, मला वाईट वाटतं. पण तुझ्यासाठी रिवाज मोडला, तर आजवर हरून गेलेल्यांना मी काय तोंड दाखवू? तुझ्या पुलाचं पुढं पाहू."

राजेलोकांचे 'पुढे पाहू' म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

हौसा नारळ घेऊन चौथऱ्यावरून उतरली. गावाशी आल्यावर सुभान एवढेच म्हणाला, "बैल फार चांगले होते गं."

बातमी त्यांच्या आधीच गावात पोचली होती. गावातले जुने जाणते राणोजीबाबा पारावर बसले होते. जिभेचे तिखट म्हणून त्यांची ख्याती होती. ते म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली. निदान बैल तरी आणायचे, सूनबाई!"

पाणवठ्यावर बायका विचारू लागल्या, "काय हौसा, घाटावर निघालीस का?" पोरांनी तर 'घाट-घाट' नावाचा खेळच काढला. हौसाने बायकांच्या वेळेला पाणवठ्यावर जाणे सोडले. भर दुपारी, कुणी नसताना ती पाण्याला जाऊ लागली. जात्यावर आता कोडी ऐकू येत नव्हती. एकदा सासूच म्हणाली, "घाल की गं एखादं कोडं. घर कसं मुकं झालंय." हौसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

पण ते शेवटचे कोडे काही तिला सोडीना. भाकरी थापताना, गोवऱ्या लावताना ते आपोआप तिच्या मनात फिरे. जिंकली असती, तर उत्तर देऊन ती ते विसरूनही गेली असती. हरली, म्हणून ते तिच्याजवळ राहिले.

उन्हाळा लागला. ओढ्याचे पाणी पार खाली गेले. एक दिवस हौसा काठावर बसून होती. समोर राणोजीबाबांनी पूर्वी बांधलेल्या साकवाचे दगड विखरून पडले होते. साकव म्हणजे गावकऱ्यांचा लाकडी पूल. बाबांनी तो दोनदा बांधला होता. या काठापासून त्या काठापर्यंत दगडांची जाड भिंत रचायची आणि वर ओंडके टाकायचे. दोन्ही वेळा पुराने भिंत फोडून सगळे वाहून नेले होते. तेव्हापासून बाबा म्हणत, 'या ओढ्याचा आपल्या गावावर राग आहे.'

हौसा त्या दगडांकडे बघत होती आणि मनात कोडे फिरत होते. पोटाखालून पाहुणा जातो, त्याला थांब म्हणत नाही...

ती ताडकन उठली. तशीच धावत शेतात गेली आणि सुभानला म्हणाली, "अहो, ओढ्याचा राग-बिग काही नाही! आपण त्याला थांब म्हणत होतो. भिंत घालून त्याची वाटच अडवत होतो. मग तो भिंत फोडणार नाही तर काय करील? पुलाला भिंत नको, पाय हवेत. आणि दोन पायांच्या मधून पाण्याला मोकळी वाट हवी. सगळं त्या कोड्यातच आहे!"

सुभानने कुदळ खाली ठेवली. "हौसा, एकदा हसं झालं ते पुरे नाही का?"

"हसं तर झालंच आहे," हौसा म्हणाली. "त्याहून वाईट आता काय व्हायचंय? आता साकव तरी होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच ओढ्यात उतरली आणि दगड गोळा करू लागली. काठावरून जाणारे हसत होते. दुपारी सुभान आला. त्याने मोठा दगड उचलला आणि तिच्या ढिगावर आणून टाकला. मग रोज दोघे काम करू लागले. दगडांचा एक जाड पाय पाण्यात उभा राहिला, मग दुसरा.

वैशाखात वळवाचा एक जोरदार पाऊस आला. ओढा घटकाभरच फुगला, पण तेवढ्यात दुसरा पाय कलंडला आणि कोसळला. सकाळी अर्धे गाव बघायला जमले.

हौसा काठावर मटकन बसली. तिला वाटले, आता खरेच संपले.

तेवढ्यात गर्दीतून राणोजीबाबा काठी टेकत पुढे आले. आता हे काय बोलतात, म्हणून सगळे कान टवकारून उभे राहिले. बाबांनी ओढ्याकडे निरखून पाहिले. पहिला पाय जसाच्या तसा उभा होता. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी खळखळत निघून जात होते.

"पोरी," ते म्हणाले, "तुझं म्हणणं खरं आहे. वाट अडवायला नको होती. मी दोनदा हरलो, आणि दोन्ही वेळा ओढ्यालाच शिव्या देत बसलो. आपलं काय चुकलं, हे मी कधी विचारलंच नाही." मग त्यांनी काठीने पाण्यात दाखवले. "तुझा पहिला पाय खडकावर बसलाय, म्हणून टिकला. दुसरा वाळूवर आहे. थोडी वरच्या अंगाला सरक. तिथं वाळूखाली कातळ आहे. मी लहानपणी तिथंच बुड्या मारायचो."

आणि काय सांगावे! म्हाताऱ्याने काठी ठेवली, धोतर खोचले आणि ते स्वतः पाण्यात उतरले. बाबा उतरले म्हटल्यावर तरुण कसे मागे राहतील? पोरे, बाया, सगळेच उतरले. कुणी वाळू उपसली, कुणी दगड वाहिले, कुणी रानातून सरळसोट ओंडके ओढून आणले. ज्या बायका पाणवठ्यावर टोमणे मारत होत्या, त्यांनी साऱ्यांसाठी भाकऱ्या बडवल्या. मृगाच्या तोंडावर साकव उभा राहिला.

मग पावसाळा आला. आषाढात तीन दिवस धो धो पाऊस कोसळला. ओढा लालभडक होऊन दोन्ही काठांना घासत निघाला. सारे गाव डोक्यावर इरली घेऊन काठावर उभे होते. पाणी साकवाच्या पायांवर आदळे, फेस उडे, आणि मोकळ्या वाटेने पुढे पळे. एक उपटलेले झाड वाहत आले. झाड एका पायाला घासले, त्याने गिरकी घेतली, आणि ते साकवाच्या पोटाखालून निघून गेले.

साकव हलला नाही.

आणि नेमक्या त्याच दिवशी राणोजीबाबांच्या नातसुनेला कळा सुरू झाल्या. सुभान धावत पलीकडे गेला. थोड्या वेळाने लोकांनी पाहिले, पलीकडच्या काठावर सुईण उभी होती. पण या खेपेला तिला ओरडावे लागले नाही. कासोटा आवळून, सुभानचा हात धरून, खाली गर्जणाऱ्या पाण्यावरून ती सरळ चालत या काठाला आली.

हौसा तिला घेऊन बाबांच्या घरी गेली. बाहेर सारे गाव भिजत उभे होते. दिवेलागणीच्या आधी आतून बाळाचा टाहो ऐकू आला. राणोजीबाबांनी डोक्याचे पागोटे काढून हवेत उडवले. कुणी हलगी आणली, कुणी लेझीम, आणि भर पावसात बोरखिंड नाचू लागली. हौसा दारात आली. तिच्या हातात कपड्यात गुंडाळलेली मुलगी होती. हौसाला आपली जाऊ आठवली. ती रडत होती आणि हसतही होती.

साकवाची बातमी खोऱ्यात पसरली. ज्या ज्या गावाचा ओढा पावसाळ्यात वाट अडवी, तिथून माणसे हौसाला बोलवायला येऊ लागली. ती सुभानला आणि राणोजीबाबांना घेऊन जाई, खडक शोधी, पाय कुठे रोवायचे ते दाखवी. काही वर्षांत त्या खोऱ्यात एकही गाव तुटलेले उरले नाही.

असेच एकदा एका लांबच्या गावचे लोक आले. त्यातल्या एकाने तिच्याकडे निरखून पाहिले आणि चाचरत विचारले, "जत्रेत शेवटच्या कोड्याला हरलेल्या, त्या तुम्हीच का?"

हौसाने पदर खोचला, खांद्यावर पहार घेतली आणि मोकळेपणाने हसून म्हणाली, "हो, मीच ती. चला, तुमचा ओढा दाखवा."

तात्पर्य : हरल्याची लाज धरून बसणारा एकदाच हरत नाही, रोज हरतो, पण आपण कुठे चुकलो हे जो शोधतो, त्याची हारच त्याला जिंकायला शिकवते.