उसनी कबर

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही, बाबा. पंचांनी नाही ठेवला विश्वास, पाळकसाहेबांनी नाही ठेवला. माझ्या नवऱ्यानंसुद्धा तोंड फिरवलं. म्हणाला, तुझं तोंड आधीच गावभर, त्यात हे आणखी.”

लेवीबाबा चिंचा सोलत होते. डोळे गेलेले, पण बोटं शाबूत. टरफल एका बाजूला, गर एका बाजूला, चिंचोके मांडीपाशी.

बाबा आमच्या मंडळीचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू. बायको रूथबाई गेल्यापासून चर्चच्या मागच्या खोलीत एकटेच असतात. ज्याचं कुठं भागत नाही तो त्यांच्याकडे येतो.

“बस, सलोमे. आधी एक सांग. तू खोटं बोलतेस का?”

“बोलते. दूधवाल्याशी बोलते, नणंदेशी बोलते. ह्यात नाही बोलले.”

बाबा हसले. “मग सांग.”

मी तोंड उघडलं आणि दारात पाळकसाहेब उभे. अनुग्रह पाळकसाहेब. हा बाबांचाच चेला. ह्याच खोलीत, ह्याच जमिनीवर मांडी घालून शास्त्र, म्हणजे बायबल, शिकला, मग पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत गेला, आणि आता आमचा पाळक होऊन आलाय. पुस्तकं इतकी घेऊन आला की टेम्पो करावा लागला.

“बाबा, हिचं ऐकू नका. मला ठाऊक होतं, ही इथंच येणार.”

“तुझंही ऐकतो. दार लाव, ऊन आत येतंय. चिंच खातोस?”

“बाबा, तिकडं मढं पडलंय.”

“कुणाचं?”

त्याच्याआधी मीच बोलले. “भागूजीचं.”

बाबांची बोटं थांबली.

भागूजी आमच्यातला नव्हता. म्हणजे ख्रिस्ती नव्हता. पण आमच्या दफनभूमीतला एकेक खड्डा त्याच्या हातचा. खणून झालं की कुदळ खांद्यावर टाकायचा, भिंतीबाहेर जायचा आणि बाभळीखाली बसून सगळी उपासना ऐकायचा. शेवटचं आमेन झालं की आत येऊन माती लोटायचा. माझी तान्ही गेली तेव्हा खड्ड्याच्या तळाशी त्यानं मऊ गवत अंथरलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मागल्या साली त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भाऊबंद म्हणाले, जन्मभर किरिस्तावांचे खड्डे खणले, आता त्यांनीच बघावं. मी माझ्या पडवीत त्याची बाज टाकली. भाकरी दुधात कुस्करून घालत होते.

“कधी गेला?” बाबांनी विचारलं.

“आज दिवस उगवताना.”

“आणि भांडण कशाचं?”

“जागेचं,” पाळकसाहेब म्हणाले. “हिला त्याला आपल्या दफनभूमीत पुरायचाय. मंडळीचा नियम तुम्हाला माहीत आहे. बाप्तिस्मा झालेल्यालाच आत जागा.”

“झालाय त्याचा बाप्तिस्मा,” मी म्हटलं.

“कुणी दिला?”

“मी.”

“तुम्हाला काय अधिकार?”

“अधिकारी कुठं होता तेव्हा? दोनदा निरोप धाडला. तुम्ही ईस्टरचा संदेश लिहीत बसला होता. मग मी तांब्या घेतला, त्याच्या डोक्यावर ओतला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. थंड पाणी नव्हतं ओतलं, कोमट करून ओतलं.”

“बघा बाबा! कोमट करून!”

“थांब,” बाबा म्हणाले. “सलोमे, त्यानं मागितला होता?”

“मागितला.”

“वाचा गेलेली होती ना?”

“गेली होती.”

“इथंच खोटं उघडं पडतं,” पाळकसाहेब म्हणाले. “वर्षभर ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, तो मरताना बोलला. आणि ऐकलं कुणी? एकट्या हिनं. पंच म्हणतात, बाईनं जागा मिळवायला रचलं सगळं.”

“पंचांना म्हणावं, जागेचं मी काय करू? शेत पेरू?”

बाबांनी हात वर केला.

“काय बोलला तो?”

मला पटकन सांगवेना. सकाळपासून घसा फाटेपर्यंत सांगत होते, पण ओरडून सांगत होते. इथं ओरडता येईना.

“मी त्याचं तोंड पुसत होते, बाबा. त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. डोळे माझ्याकडे नव्हते. माझ्या मागं कुणी उभं असावं तसे होते. आणि म्हणाला...”

“म्हणाला?”

“‘बाई, मलाबी उठायचंय.’”

...

बाबांनी चिंचांचं सुपडं बाजूला सारलं. डोक्यावरची टोपी काढली.

“परत सांग.”

“‘मलाबी उठायचंय.’”

बाबांच्या ओठांची हालचाल झाली, पण आवाज आला नाही.

पाळकसाहेबांना ते सोसेना. “बाबा, देवाची ओळख शास्त्रातून होते. हे तुम्हीच मला शिकवलंत. भागूजीला अक्षर येत नव्हतं. शास्त्राची एक ओळ वाचली नाही त्यानं.”

“वाचली नाही खरी. ऐकली किती वेळा?”

“भिंतीबाहेरून!”

“शब्द भिंतीपाशी थांबतो असं कुठं लिहिलंय? पान काढून दाखव.”

पाळकसाहेबांनी हातातलं शास्त्र या हातातून त्या हातात घेतलं.

“उद्या पहाटे काय वाचणार आहेस?” बाबांनी विचारलं.

आमच्याकडे ईस्टरची पहिली उपासना दफनभूमीतच होते. उजाडायच्या आधी सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरांमध्ये उभी राहते आणि सूर्याचं पहिलं किरण दिसलं की प्रभू मेलेल्यांतून उठला म्हणून गातात.

“कबरेची गोष्ट वाचणार. रिकाम्या कबरेची.”

“तिथं आधी कोण गेलं?”

“बाबा, हे रविवारच्या शाळेतलं पोरगंही सांगेल.”

“मग तूही सांग.”

“बायका गेल्या. मग्दालीया मरीया. याकोबाची आई मरीया. आणि सलो...”

जीभ अडली त्याची.

“पुढं बोला की,” मी म्हटलं. “उद्या सगळ्या मंडळीपुढं घ्याल ते नाव, आज घ्यायला जड जातंय?”

“ते शास्त्र आहे!” तो माझ्यावर खेकसला. मग बाबांकडे वळला. “ते शास्त्र आहे, बाबा. ही आमच्या गल्लीतली सलोमबाई आहे.”

“तीसुद्धा कुणाच्या तरी गल्लीतलीच होती.”

...

“उठल्याचा निरोप प्रभूनं त्यांच्याच तोंडी दिला. त्या धावत आल्या, सांगू लागल्या,” बाबा हळू म्हणाले. “ऐकणारे काय म्हणाले?”

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. “वायफळ बडबड आहे, म्हणाले.”

“कोण म्हणाले? रोमी शिपाई?”

“नाही.”

“याजक?”

“नाही, बाबा.”

“मग कोण?”

“शिष्य. त्याच्या पायाशी बसलेले.”

“आणि कुठं बसले होते ते?”

“घरात. दार लावून...”

बाबांनी बंद दाराकडे बोट दाखवलं. नुसतं बोट.

पाळकसाहेब त्या दाराकडे बघत राहिला. ते त्यानंच लावलं होतं. मग उठला, कडी काढली. चैत्राचं ऊन धाडकन आत आलं. मी डोळे मिटले. बाबांनी तोंड उन्हाकडे केलं.

“माझी काठी दे,” म्हणाले.

दफनभूमीत बाबांना कुणी हात धरावा लागत नाही. काठीनं दगड चाचपतात आणि नावं घेतात. हा दावीद मास्तर. ही चंपाबाई. हा तुझा सासरा, सलोमे, फार खोकायचा बिचारा. चालता चालता एका आखूड कबरेपाशी थांबले, वाकले, हात लावला. माझ्या तान्हीची. मी दुसरीकडं बघितलं.

पार टोकाला रूथबाईंची कबर. तिच्या शेजारी चार दगड लावून राखलेली जागा. बाबांची. त्यांनी मंडळीची जन्मभर सेवा केली म्हणून पंचांनी ठराव करून ती जागा त्यांना दिली होती.

बाबा त्या चार दगडांच्या मधोमध उभे राहिले. काठी रोवली.

“इथं खणा.”

“बाबा, ही तुमची जागा!”

“माझीच ना? का पंचांची?”

“तुमचीच. पण रूथआजी शेजारी...”

“तिला भागूजीची ओळख आहे. तिची माती त्यानंच लोटलीय.”

“आणि तुम्ही? तुम्हाला कुठं...”

“मागून घेईन कुणाकडून तरी. उसनी.”

“कबर कुणी उसनी देतं का, बाबा?” पाळकसाहेबाचा आवाज चिरकला. रडतोय का रागावलाय, कळेना.

“अरिमथाईच्या माणसानं प्रभूला नाही दिली? स्वतःसाठी खोदून ठेवलेली?”

“...दिली.”

“मग ज्यानं घेतली, त्यानं ठेवून घेतली की परत केली?”

बाभळीवर एक होला घुमत होता.

पाळकसाहेबानं पायातल्या वहाणा काढल्या. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. भागूजीची कुदळ भिंतीला तशीच टेकवलेली होती, वर्षभर कुणी हात लावला नव्हता. ती घेऊन आला.

पहिला घाव वाकडाच पडला. कुदळ दगडावर आपटली, ठिणगी उडाली.

“भागूजी खांदा खाली ठेवायचा,” मी म्हटलं.

“शिकवू नका, सलोमबाई.”

“शिकवत नाही. बघितलंय ते सांगते.”

त्यानं खांदा खाली ठेवला.

मी गल्लीत गेले. पुरुष पारावर बसले होते, उठले नाहीत. नवऱ्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. तीन दारं वाजवली, तीन बाया निघाल्या, चौथी मी. बाज उचलली. भागूजी हाडांचा राहिला होता, तरी खांद्याला रग लागली. माणूस मेला तरी त्याचं वजन त्याचंच असतं. वाटेत एक म्हातारा ओरडला, बायकांनी कधी मढं नेलंय का! मी म्हटलं, आज नेतोय, बाजूला सर.

आलो तर खड्डा कमरेएवढा झाला होता. पाळकसाहेबाचे दोन्ही तळवे फुटले होते. तो खड्ड्यात उभा होता आणि बाबा काठावर बसून हातानं माती चाचपत होते.

“तळाला काही आहे का?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. मातीच आहे.”

“सलोमे, गवत आण.”

मी बांधावरून गवत उपटून आणलं. पाळकसाहेबानं माझ्या हातातून गवत घेतलं आणि अंथरलं. कडेपर्यंत अंथरलं.

भागूजीला खाली सोडला. पाळकसाहेब वर आला, हात सदऱ्याला पुसले, शास्त्र उघडलं. नेहमीचं पान उघडलं. वाचणार तोच थांबला. बोट पानात तसंच ठेवून त्यानं पुस्तक मिटलं.

“सलोमबाई.”

“काय?”

“तो काय म्हणाला, ते सांगाल का? मी नीट ऐकलं नव्हतं.”

सकाळपासून मी हे पंधरा जणांच्या तोंडावर फेकलं होतं. आता पहिल्यांदा कुणीतरी मागत होतं. मी त्या खड्ड्याकडं बघून सांगितलं. हळू सांगितलं.

“‘बाई, मलाबी उठायचंय.’”

बायांच्या अंगावर काटा आला. मला दिसला. वाऱ्याची झुळूक नव्हती, पान हलत नव्हतं, आणि तरी मला वाटलं की त्या सगळ्या दगडांखालचे आमचे सगळे लोक कान देऊन ऐकताहेत.

“आमेन,” पाळकसाहेब म्हणाला. मग त्यानं पान उघडलं आणि वाचलं, ‘अरे मरणा, तुझा विजय कोठे?’ ते वचन मी किती कबरांवर ऐकलंय. त्या दिवशी तो ते वाचत नव्हता. विचारत होता, आणि त्याला उत्तर मिळत होतं.

माती त्यानंच लोटली. बाया गेल्या. ऊन कललं. नव्या मातीचा ढीग चार दगडांत उंच दिसत होता, पार फाटकापासून दिसत होता.

पाळकसाहेब त्याच्याकडं बघत उभा राहिला. तोंडावर भीती आली.

“बाबा, उद्या पहाटे सगळी मंडळी इथंच येणार. पंच ही माती बघतील. विचारतील, नियम कुणी मोडला? एका बाईच्या शब्दावर एवढं केलं? माझी पाळकी जाईल. मला कुणाचं तरी नाव सांगावं लागेल.”

“माझं सांगा,” मी म्हटलं. “माझ्यावर सगळं खपतं.”

“नाही,” बाबा म्हणाले.

“मग तुमचं सांगू, बाबा?”

“नाही.”

“मग कुणाचं? बाईच्या तोंडावर विश्वास ठेवायची ही रीत कुणी घातली म्हणून सांगू?”

बाबा काठीला धरून उठले. हाताची माती झाडली नाही. आंधळे डोळे भागूजीच्या ढिगाकडं होते, पण बघत पलीकडं होते. सकाळी भागूजी बघत होता तसेच.

“खरं सांगायची छाती आहे?”

“आहे.”

“मग सांग... येशू.”