नगाऱ्यावरचे पांढरे वस्त्र

पूर्वी शोणवती नगरीत धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथे न्यायाधीश होता. न्यायसभेच्या दारात एक नगारा असे. ज्याचे गाऱ्हाणे असेल त्याने तो वाजवावा आणि बोधिसत्त्वाने उठून बाहेर यावे. देवल त्या नगाऱ्याची राखण करी. बिचारा सरळमार्गी होता. नेमून दिलेले काम करावे, एवढेच त्याला ठाऊक.

पुढे राजा वारला. राजा गेला की तेरा दिवस नगारा पांढऱ्या वस्त्राने झाकायचा आणि कुणी आले तर 'अराजक' एवढेच सांगायचे, अशी जुनी रीत होती. सिंहासन रिकामे आहे, इतकाच तेव्हा त्या शब्दाचा अर्थ. बोधिसत्त्व दूरदेशी असलेल्या राजपुत्राला आणायला निघून गेला.

त्याच दिवशी उप्पली नावाची शेतकरीण धापा टाकत आली. बांधाचे भांडण उकरून काढून गावातल्या दांडग्या भद्रसालाने तिच्या नवऱ्याला गोठ्यात डांबले होते.

"अराजक आहे, बाई. तेरा दिवसांनी या," देवल म्हणाला.

"तोवर ते जगतील का, दादा?"

देवलचा हात वस्त्राकडे गेला नाही. ती आली तशी परत गेली.

चौदाव्या दिवशी राज्याभिषेक होता. राजपुत्राला घेऊन परतलेल्या बोधिसत्त्वाला महामंत्रिपद मिळायचे होते. मिरवणूक न्यायसभेपाशी आली, तेव्हा उप्पली दारात उभी होती.

"तेरा दिवसांनी या म्हणाला होतात ना. आले," ती देवलला म्हणाली.

बोधिसत्त्वाने गाऱ्हाणे विचारले.

"आता गाऱ्हाणं नाही, महाराज. ते पहाटेच गेले. त्यांच्यावर घालायला घरात धड कापड नाही, तेवढं मिळालं तर बघा."

देवल रडू लागला. रडत रडत त्याने सगळे सांगितले. मुहूर्त टळेल, असे पुरोहित म्हणाला. बोधिसत्त्वाने नगाऱ्यावर अजून असलेले वस्त्र स्वतःच्या हाताने काढले.

"ही रीत मीच चालू दिली, देवल," एवढे बोलून तो उप्पलीमागून चालू लागला.

मंत्रिपद दुसऱ्याला मिळाले. त्या वस्त्राखाली उप्पलीच्या नवऱ्याला अग्नी दिला गेला आणि त्याच दिवशी भद्रसालाला शासन झाले. नगारा पुन्हा कधी झाकला नाही. 'अराजक' म्हटले की मात्र लोकांना रिकामे सिंहासन आठवेनासे झाले. आठवत ते उप्पलीचे तेरा दिवस.

कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराच्या दारी रोज पाणी भरून ठेवणारी उपासिका, ती तेव्हाची उप्पली. कुणीही हाक मारली की हातचा घास ठेवून उठणारा हा भिक्षू, ज्याला तुम्ही हसता, तो देवल. न्यायाधीश मी होतो. त्या जन्मी मी करुणा शिकलो. उप्पलीच्या नवऱ्याला ती मिळाली नाही."