लाल झालेली अष्टपुत्री

नदीकाठच्या एका गावात केरोबा नावाचा रंगारी राहायचा. हात हळदीचे, जीभ मिरचीची. नवरीची पिवळी साडी, म्हणजे अष्टपुत्री, रंगवावी तर त्यानंच, असं पंचक्रोशीत म्हणायचे.

एका उन्हाळ्यात नदी आटली. केरोबानं चोपण रानातल्या नव्या विहिरीचं पाणी आणवलं. पाणी कसं, काचेसारखं! हळदीत रंगवलेली अष्टपुत्री त्यानं सुनेला, राहीला, त्यात खळबळायला दिली. राहीनं बुडवली मात्र, साडी विटेसारखी लाल!

लग्न परवावर आलेलं. केरोबा भडकला. "कुंकवाचे हात घातलेस! उद्याच माहेरची वाट धर."

"मामंजी, हात स्वच्छ होते. पाण्यातच काहीतरी असेल."

"पाण्यात? तळ दिसतोय की! डोळे आहेत का बटणं?"

राहीला रडू येत होतं, पण नवल त्याहून जास्त वाटत होतं. रांजणात उरलेलं नदीचं पाणी तिनं तीन वाट्यांत घेतलं. एकीत मीठ विरघळवलं, दुसरीत तुरटी, तिसरीत पापडखार. तिन्ही वाट्या सारख्याच नितळ. मग तिनं प्रत्येकीत हळदीची एकेक चिंधी सोडली. मिठात पिवळी. तुरटीत पिवळी. पापडखारात मात्र बघता बघता लाल! चौथी चिंधी विहिरीच्या पाण्यात घातली, तीही लाल.

"विहिरीत खार टाकला कुणी?" केरोबानं वाकून विचारलं.

"टाकायला कशाला हवा? चोपण रान ते, त्याच्या मातीतच खार असतो. विरघळला की दिसतो होय?"

लाल चिंधी तिनं तुरटीच्या वाटीत दाबली. ती पुन्हा पिवळी झाली. तुरटीचं पाणी आंबट जातीचं, ते खाराला मारतं. मग साडीही तुरटीच्या पाण्यात गेली आणि पिवळीधमक होऊन बाहेर आली.

संध्याकाळी नवरीचा बाप आला. "सुनेनं घोटाळा केला म्हणे?"

राही दाराआड उभी होती. केरोबानं नुसती मान हलवली असती तरी त्याची अब्रू झाकली गेली असती. तो खाकरला.

"घोटाळा माझा. पाणी न पारखता साडी बुडवायला लावली. वर पोरीला बोल लावला. साडी सुधारली ती तिनं."

दुसऱ्या दिवशी राही हळदीच्या चिंध्या घेऊन गावातली विहीर न् विहीर बघत हिंडली. मागून केरोबा चालला होता, पोहरा आणि दोर खांद्यावर टाकून.

तात्पर्य: नितळ दिसलं म्हणजे पाणी निव्वळ पाणीच, असं धरून चालू नये, पारखून बघावं. आणि आपलं चुकलं तर आपल्याच तोंडानं सांगावं, दुसऱ्याच्या माथी मारू नये.