आवळ्याची गोळी

कुमुदमावशींची मुलगी शर्वरी पौषात वारली. तेव्हापासून मावशी तिने शाळेत असताना लावलेल्या आवळ्याखालीच बसून असतात. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सबनीस यांना तिथे गाड्या लावायच्या होत्या. पितृपक्षातल्या एका दुपारी ते करवतवाले घेऊनच आले. सकाळी त्यांच्या आईचं श्राद्ध होतं. कावळा पानाला शिवेना म्हणून गच्चीवर ताटकळत उभं असलेलं त्यांना मी खिडकीतून पाहिलं होतं.

त्यांनी प्रयोगशाळेचा कागद फडकवला आणि खिशातून एक गोळी काढली. "मावशी, फळ तपासून आणलंय. पाणी, चोथा, तुरट द्रव्य आणि क जीवनसत्त्व, बस्स! हे सगळं या एका गोळीत मिळतं. मग झाड हवंय कशाला?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "आईच्या दुधातलं सगळं पावडरीच्या डब्यातही मिळतं म्हणे. मग साहेब, आज पान कुणासाठी वाढलंत? डब्यासाठी?"

सबनीसांनी मान खाली घातली आणि करवतवाल्यांना परत पाठवलं.

मी मावशींजवळ जाऊन बसले. "त्यांच्या आईला मध्ये ओढलं गं मी," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे आता एवढं झाडच उरलंय."