धाकूचा बदलीवाला

हे समोरचं तळं काही देवाने केलेलं नाही. शेरवलीच्या कौलांच्या कारखान्याने तीस वर्षं इथून माती उपसली, त्याचा हा खड्डा. आता त्यात हळदीकुंकू बदकं पोहतात आणि तुमच्यासारखी माणसं दुर्बिणी घेऊन येतात. या, बसा. पण आधी त्या भट्टीच्या धुराकडे बघा. कारखाना बंद पडून साठ वर्षं झाली, विस्तव अजून जिवंत आहे.

कारखाना बंद झाला त्या दिवशी भट्टीवर धाकू मेस्त्री होता. भट्टीवाल्यांचा नियम असा, की बदलीचा माणूस येऊन 'घेतलं' म्हणेपर्यंत विस्तव सोडून उठायचं नाही. बाकीचे घरी गेले. धाकूचा बदलीवाला आलाच नाही, म्हणून धाकू बसून राहिला. उपशाचा पंप थांबला तसा खड्डा पाण्याने भरला, काठाला लव्हाळं उगवलं, पाखरं उतरली. सात पावसाळे त्याने विस्तव राखला आणि तो एकदाही विझला नाही, असं सांगतात. मला ते खरं वाटतं.

मालकाला मात्र खड्डा बुजवून प्लॉट पाडायचे होते. माणसं समजावून समजावून थकली. धाकूचं एकच म्हणणं, "माझो बदलीवालो येवक नाय. तो इल्याशिवाय मी उठूचंय नाय."

मालक म्हणाला, एवढंच ना, देऊ बदली. त्याने बाबल्या परबाला पाठवलं. लोकांना जागेवरून हुसकावणं हाच बाबल्याचा धंदा. पण त्याचा बाप भट्टीवालाच होता, हे मालक विसरला. धाकू लगेच उठला. त्याने बाबल्याला विस्तव दाखवला, पाणी दाखवलं, लव्हाळ्यातली नऊ अंडी दाखवली आणि विचारलं, "घेतलंस?"

बापाच्या तोंडून शंभरदा ऐकलेला शब्द बाबल्याच्या तोंडून निघून गेला. "घेतलं." धाकू घरी जाऊन म्हणे तीन दिवस झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरावाचे ट्रक आले, तर वाटेत बाबल्या आडवा उभा. ड्रायव्हर म्हणाला, अरे, तू तर आपलाच माणूस.

"काल होतंय," बाबल्या म्हणाला. "आता ह्यां माझ्याकडे आसा. माझो बदलीवालो खंय आसा?"

ट्रक परत गेले. बाबल्या मरेपर्यंत इथून हलला नाही, आणि दुसरा माणूस पाठवायची मालकाची हिंमत झाली नाही. तोही 'घेतलं' म्हणून बसला तर?

आजही भट्टीच्या तोंडाशी कुणीतरी असतंच. बाबल्याकडून त्याच्या सुनेने, भागीरथीने घेतलं, तिच्याकडून मी. मागच्या महिन्यात मालकाचा नातू जागा सोडायचा कागद घेऊन आला होता. म्हणाला, "आजोबा, वय झालं, घरी जा आता."

मी म्हटलं, "जातो की. तू घेतोस?"

तो गाडीत जाऊन बसला.