मिनिटभराची माया

एका थंड डोंगरगावात, मालक परगावी असल्याने एक मोटार हिवाळाभर कव्हराखाली उभी होती. शेजारच्या यमूकाकू रोज सकाळी ती चालू करत आणि "उठलीस ना बाई? झोप आता," म्हणत मिनिटभरात बंद करत.

बॅटरी डिकीतल्या पान्याला म्हणाली, "इंजिन उठवताना माझी ओंजळभर ताकद जाते, अन् परत येते थेंबभर. त्यापेक्षा वायरी सोडून ठेवल्या तर निवांत पडेन."

"मग एकदा मुद्दाम अडून बस की!"

"एवढ्या थंडीत मायेनं येते रे. मन कसं मोडू तिचं?"

माघात काकूंच्याच छातीत कळ आली. सून किल्ली घेऊन धावली. गाडी नुसती 'टक' करून थांबली.

"एक दिवस चुकवला नाही गं मी," काकू कळवळल्या.

उत्तर द्यायला बॅटरीत काहीच उरलं नव्हतं.