वाऱ्याच्या वाटेतलं घर

दाराशी कोणी बसू देत नव्हतं अशा एका आजारी भिक्खूला एका उपासिकेने उठून आपली जागा दिली, ते पाहून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट सांगितली. सागरपट्टणात धनंजय राजाचं राज्य चाललं होतं, त्या काळी बोधिसत्त्व नंदिसेन नावाचा मीठव्यापारी होऊन जन्मला होता. मुलूख समुद्रकाठचा. उन्हाळ्यात अंगावरचा घाम वाळत नसे. नंदिसेनाचं घर बांधाखाली, सखल जागी; तिथं वारा फिरकायचा नाही. मागच्या वैशाखात त्याची लेक त्या कोंदट घरात तापाने गेली. आता मांडीवर तान्हा मुलगा होता आणि त्याचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. नंदिसेनाची बायको उत्पला म्हणाली, "या घरात मी आणखी एक उन्हाळा काढणार नाही. सांगून ठेवते."

तिथली रीत अशी, की नव्या घरासाठी गाय मोकळी सोडायची आणि भर दुपारी ती जिथं रवंथ करत बसेल तिथं खुंट्या ठोकायच्या. गाय टेकाडाच्या पश्चिम उतारावर बसली. समोर समुद्र, अंगावर सरळ वारा. उत्पलाने तिथंच लांबलचक घर आखलं, समुद्राला आडवं, म्हणजे प्रत्येक खोलीत वारा.

"मागे तिस्स नावाड्याची झोपडी आहे," नंदिसेन म्हणाला. "म्हाताऱ्याला दमा आहे."

"मग गायीने काय त्याला विचारून बसायचं होतं?"

आखलेल्या भिंतीच्या जागी बांबू रोवून नंदिसेनाने झावळ्यांचे भिंतीएवढे उंच झाप बांधून घेतले. "आजची दुपार बाळाला घेऊन तिस्साकडे बस. मग तू म्हणशील तसं."

उत्पला फणकाऱ्यानेच गेली. तिस्स खांबाला टेकून बसला होता. "ये पोरी. आल्यागेल्याला द्यायला माझ्याकडे वारा तेवढा होता. आज तोही नाही." तो हसला आणि हसता हसता खोकत सुटला. मग त्याचं बोलणंच थांबलं. प्रत्येक श्वासाला खांदे वर जाऊ लागले. मांडीवरचं पोर आधी किरकिरलं, मग रडणंही सोडून तोंड उघडं टाकून पडलं. लेक अशीच पडली होती. उत्पला ते विसरणारी बाई नव्हती. तिचं पोर उद्या भिंतीपलीकडे वाऱ्यात निजणार होतं. इथं राहणार होता तो म्हातारा.

ती उठली आणि पोर कडेवर घेऊन एका हाताने झाप ओढून पाडू लागली. नंदिसेन धावत आला.

"तोंडाने सांगता येत नव्हतं?" ती म्हणाली.

"ऐकलं असतंस?"

"नसतं."

मग घराची आखणी उत्तरेला सरकवली आणि फिरवली. अरुंद बाजू समुद्राकडे, लांब बाजूला खिडक्या, छप्पर खाली उतरवलेलं. वारा तिरपा आत येई आणि झोपडीचा वाराही अडत नसे. दोन खोल्या कमी झाल्या, गाव हसलं. बाळ तो उन्हाळा तरलं, म्हाताराही तरला.

एवढं सांगून शास्ता म्हणाले, "तो नावाडी म्हणजे ज्याला दाराशी कोणी बसू देत नव्हतं तो हा आजारी भिक्खू. उत्पला म्हणजे आत्ता उठून त्याला आपली जागा देणारी ही उपासिका. नंदिसेन मीच होतो. दुसऱ्याच्या घुसमटीत जाऊन बसावं आणि तिथून उठून हात चालवावा, याचं नाव करुणा."